डिसेंबरचा जुना अंक मागून वाचा: नाताळच्या जाहिराती आणि हाताने करायच्या भेटी

अमेरिकन किंवा ब्रिटिश महिला मासिकाचा जुना डिसेंबरचा अंक हाती लागला, की आधी तो उलटा करा आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागा. पुढच्या अर्ध्या अंकात गुळगुळीत कागदावर रंगीत, पानभर जाहिराती असतात: फ्रिज, मनगटी घड्याळं, चांदीचं पाणी दिलेले काटे-चमचे, अत्तराच्या निळ्या बाटल्या. बघायला झकास. पण त्यांवरून तेव्हाच्या बायका नाताळात एकमेकींना काय देत होत्या हे कळत नाही, कंपन्यांना काय खपवायचं होतं तेवढं कळतं. खरी देवघेव मागे असते. पुढे सुरू झालेल्या कथेचं शेपूट तिथे तीन-चार कॉलमांत आणून सोडलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना बोटभर जाहिराती, कापून पाठवायची कूपनं, विणकामाच्या सूचना, कमी पैशांत करायच्या भेटींची सदरं. कथा अशी मागे नेण्याची चाल फिलाडेल्फियाच्या 'लेडीज होम जर्नल'चा संपादक एडवर्ड बॉक याने १८९०च्या दशकात रूढ केली. कथेचा शेवट हवा असेल तर जाहिरातींच्या गर्दीतून जा. आपल्याला कथा नकोय, गर्दीच हवीय.

मी फिलाडेल्फियापासून गाडीने तासाभरावर राहते. माहेर ठाण्याचं. आई मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून 'वुमन्स वीकली'चे जुने अंक आणायची आणि त्यांतल्या सूचनांवरून आमचे स्वेटर विणायची, त्यामुळे हे वेड घरातूनच आलंय. इथे एखाद्या म्हाताऱ्या बाईंचं घर मोकळं करताना सगळं सामान विकायला काढतात, तेव्हा तळघरात हमखास या अंकांचा गठ्ठा निघतो. 'जर्नल'च्या मालकांची, म्हणजे कर्टिस कंपनीची जुनी इमारत फिलाडेल्फियात अजून उभी आहे. तिच्या तळमजल्यावर मॅक्सफील्ड पॅरिशच्या चित्रावरून टिफनी स्टुडिओने १९१६ मध्ये केलेलं काचतुकड्यांचं भिंतभर चित्र आहे, एक लाखाच्या वर तुकडे. दहा-दहा सेंटांच्या अंकांवर आणि जाहिरातींवर उभं राहिलेलं वैभव बघायचं असेल तर तिथे जाऊन या.

अंक मिळवायचा कुठून

भारतात बसून हे सगळं फुकट बघता येतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'हार्थ' या गृहविज्ञान संग्रहात 'गुड हाउसकीपिंग'चे १८८५ ते १९५० चे अंक आहेत. ड्यूक विद्यापीठाच्या 'अ‍ॅड अ‍ॅक्सेस'मध्ये १९११ ते १९५५ या काळातल्या सात हजारांहून जास्त जाहिराती आहेत, त्यांत सौंदर्यप्रसाधनं आणि दुसरं महायुद्ध हे दोन विभाग आपल्या कामाचे. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर सुटे अंक सापडतात. 'हाथीट्रस्ट'वर खंडच्या खंड आहेत, पण भारतातून त्यांतले काही उघडत नाहीत, तेव्हा डोकं न आपटता पुढच्या ठिकाणी जा.

एक गोष्ट तपासायची. ग्रंथालयं वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि निव्वळ जाहिरातींची पानं काढून टाकत. म्हणजे आपल्याला जे हवं तेच गायब. पृष्ठक्रमांक मध्येच उडी मारतात का ते बघा. उडी असेल तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधा.

कागदी अंक विकत घेणार असाल तर डिसेंबरइतकाच नोव्हेंबरचाही शोधा. हाताने करायच्या वस्तूंना वेळ लागतो हे संपादकांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे विणकाम-शिवणकाम बरंचसं नोव्हेंबरमध्ये उरकलेलं असतं. डिसेंबरच्या अंकात मग पंगत, झाड, केक आणि शेवटच्या घाईतली खरेदी. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कूपनं कापलेली आहेत का, मधली पानं सुटली आहेत का, आणि अंक कधी भिजला होता का. गुळगुळीत कागद एकदा भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटतात ती कायमची. वाफ, चाकू, काही उपयोग नाही. असा अंक फुकट दिला तरी घेऊ नका.

जाहिरात वाचायची म्हणजे काय करायचं

पहिल्यांदा ही जाहिरात कोणाशी बोलतेय ते पाहा. बायकांच्या मासिकातली प्रत्येक जाहिरात बाईशीच बोलत नाही. हूव्हर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या नाताळ जाहिराती प्रसिद्ध आहेत. एकीत बाई जमिनीवर लवंडून भेटीचं कार्ड वाचतेय, चेहऱ्यावर हसू, शेजारी झाडाखाली नवा व्हॅक्यूम क्लीनर. अंक तिचा, पण मजकूर सांगतोय की सकाळी तिला हे मिळालं तर ती खूश होईल. तिला 'ती' म्हणतोय, म्हणजे बोलणं नवऱ्याशी चाललंय. मासिक त्या पानावर उघडं टाकून ठेवायचं काम तेवढं तिचं. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा ते पान बघून म्हणाल्या, "अगं, केरसुणी आपणही लक्ष्मीपूजनाला नवी आणतो. पण तिला हळदकुंकू वाहतो. बायकोच्या हातात देऊन 'घे तुझी भेट' म्हणत नाही कुणी!" मी म्हटलं, "आई, इथे त्याला रिबन बांधायचे." त्या म्हणाल्या, "मग ओवाळणी तरी त्याने टाकायची होती."

दुसरं, किंमत. डॉलरचे आजचे रुपये करत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही. त्याच अंकाच्या किमतीशी तुलना करा. कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० मध्ये बाजारात आला तो एक डॉलरला. तेव्हा 'लेडीज होम जर्नल'ची वर्षाची वर्गणीही एक डॉलरच होती. म्हणजे वर्षभराच्या मासिकाच्या पैशांत मुलाला कॅमेरा. कोडॅकने दर नाताळला एवढा जोर का लावला ते लगेच लक्षात येतं. मासिकंही मागे नव्हती. वर्षाची वर्गणी मैत्रिणीला भेट द्या, सोबत तुमच्या नावाचं सुंदर कार्ड आम्ही पाठवू, अशी स्वतःची जाहिरात ती स्वतःच्याच पानांत करत.

तिसरं, शिक्का. 'गुड हाउसकीपिंग'ने १९०९ मध्ये आपला शिक्का सुरू केला. मासिकात जाहिरात आलेली वस्तू सदोष निघाली तर बदलून किंवा पैसे परत, अशी ती हमी. वाचकाला धीर आला आणि जाहिरातदार रांगेत उभे राहिले. याच मासिकाने १९५२ मध्ये सिगारेटच्या जाहिराती बंद केल्या, आणि त्याआधीचे नाताळ अंक चाळले की बंदीचं महत्त्व कळतं. लाल-हिरव्या वेष्टनातला सिगारेटचा अख्खा कार्टन, वर 'कोणाकडून, कोणाला' लिहायची जागा, वडिलांना द्यायची आदर्श भेट म्हणून! ही पानं मी मुलांना मुद्दाम दाखवते.

चित्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं नाताळच्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापलं. १८५० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या 'गोडीज लेडीज बुक'ने तेच चित्र उचललं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून. झालं साधंसुधं अमेरिकन कुटुंब. घरात झाड आणायची हौस अमेरिकेत पसरली त्यात या चित्राचा मोठा वाटा मानतात.

कोका-कोलाचा लालबुंद सांताही याच पानांतून घरोघरी पोचला. हॅडन सुंडब्लोमने तो १९३१ पासून १९६४ पर्यंत रंगवला आणि 'लेडीज होम जर्नल'मध्येही तो नेमाने यायचा. या पानांना संग्राहकांमध्ये मागणी फार, म्हणून अंकातून तीच कापून नेलेली असतात. मला त्याचं दुःख नाही. आपलं लक्ष त्या पानाच्या मागच्या बाजूला.

युद्धाच्या वर्षांतले अंक सोडू नका

एखादाच काळ निवडायचा असेल तर १९४२ ते १९४५ निवडा. अमेरिकेत नायलॉनचे लांब मोजे १५ मे १९४० ला देशभर विक्रीला आले, बायकांनी दुकानांवर झुंबड उडवली, आणि दोन वर्षांत सगळं नायलॉन पॅराशूट-दोरखंडांकडे गेलं. व्हॅक्यूम क्लीनर, टोस्टर, फ्रिज यांचे कारखाने लष्करी मालाला जुंपले. तरी जाहिराती थांबल्या नाहीत! विकायला वस्तू नाही, तरी पानभर चित्र: आत्ता आम्ही सैन्यासाठी काम करतोय, विजयानंतर पहिला टोस्टर तुमचाच. लोकांनी नाव विसरू नये एवढ्यासाठी पैसे ओतलेले. जाहिरात म्हणजे काय हे शिकवायला याच्याइतकं नागडं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मग भेट म्हणून द्यायचं काय? युद्धरोखे, म्हणजे युद्धाच्या खर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे. पंचवीस डॉलरचा रोखा १८ डॉलर ७५ सेंटांना मिळायचा आणि दहा वर्षांनी पूर्ण रक्कम हातात. ज्यांना तेवढंही जमत नव्हतं त्यांच्यासाठी दहा आणि पंचवीस सेंटांची बचत तिकिटं. ती तिकिटं सेलोफेनमध्ये गुंडाळून, तारेवर पाकळ्यांसारखी बसवून, रिबन लावून कोटावर लावायचा गुच्छ करत. हा गुच्छ आजही करून बघण्यासारखा आहे. तिकिटांच्या जागी नव्या करकरीत दहाच्या नोटा, दुमडून, न टोचता, न चिकटवता. मुंजीत आणि बारशाला पाकिटाऐवजी मी हाच देते.

समुद्रापलीकडच्या सैनिकांना पार्सलं पाठवायची मुदत १९४३ आणि १९४४ मध्ये १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर होती, वजन पाच पौंडांपर्यंत. त्यामुळे त्यांच्यासाठीच्या भेटी डिसेंबरमध्ये नव्हे, शरदातल्या अंकांत शोधा.

ब्रिटनची गोष्ट आणखी ताणलेली. तिथे कागदावरच १९४० पासून नियंत्रण आलं आणि मासिकं अंगाने रोडावली. जून १९४१ ते मार्च १९४९ कपड्यांना कुपनं, विणायच्या लोकरीलाही. म्हणून 'वुमन्स वीकली', 'वुमन', 'वुमन्स ओन' यांच्या त्या काळातल्या अंकांत जुनं उसवून नवं करायच्या सूचना भरपूर, आणि त्या सूचना अस्सल कामाच्या. स्वेटर आधी शिवणीवरून उसवा, मग भाग एकेक करून वरून खाली. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा म्हणजे लडी होते. लडी चार ठिकाणी सैल बांधा, घट्ट बांधली तर तेवढा भाग धुतलाच जात नाही. कोमट पाण्यात साबणाचा फेस करून बुडवा, चोळू नका. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. वाळत घालताना लडीच्या खालच्या टोकाला हलकं वजन अडकवा, एखादा पळा पुरे. कुरळेपणा निघून जातो आणि लोकर पुन्हा सरळ चालते. ठाण्याच्या दमट हवेत तीन दिवस लागतील, घाई करू नका.

करायचं काय, सोडायचं काय

१८८० ते १९१० च्या अंकांतली भेटींची यादी वाचताना हसू येईल. टाकाचं निब पुसायचे कापडी पुसणे, दाढीचा फेस पुसायच्या कागदांची लटकती पिशवी, विंचरलेले केस साठवायचं भांडं (त्या केसांतून अंबाड्याचा भराव करत), नवऱ्यासाठी भरतकामाच्या सपाता. बहुतेकांचा आज काही उपयोग नाही, आणि उगाच हौसेखातर करूही नका. पण त्याच यादीत सुयांची वही असते, आणि ती मात्र आजही कोणालाही द्यावी.

मी ती खणाची करते. खणाचा एक तुकडा आणि अस्तराचा एक, दोन्ही १८ बाय १२ सेंटिमीटर. सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून चारी बाजूंनी एक सेंटिमीटर आत टीप मारा, एका बाजूला पाच सेंटिमीटर उघडं सोडा. कोपरे तिरके छाटून उलटवा, इस्त्री करा. उघड्या जागेतून १५ बाय ९ चा बकरमचा (ताठ कापडाचा) तुकडा आत सरकवा, आणि ती जागा हाताने बंद करा. आतल्या पानांसाठी लोकरी फ्लॅनेल हवं. नसेल तर फाटक्या शालीचा किंवा जुन्या कोटाचा धड भाग. एक पान १४ बाय ८, दुसरं १३ बाय ७, कडेने काजटाका. सिंथेटिक फेल्ट मला चालत नाही. सुई खुपसली की कचकन आवाज येतो आणि नंतर ती निघता निघत नाही. पानं कव्हरच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि घडीच्या रेषेवर दुहेरी दोऱ्याने सगळ्यातून आरपार उलटी टीप घाला. गाठ बाहेर दिसू देऊ नका, पानांच्या मध्ये लपवा. बंद करायला एक बटण आणि दोऱ्याचा फास.

देताना रिकामी देऊ नका. चार-सहा सुया लावा, त्यांतल्या एकीत पांढरा दोरा ओवलेला, एकीत काळा. चष्मा शोधावा लागणाऱ्या माणसाला ओवलेली सुई म्हणजे केवढी सोय. आणि तिन्हीसांजेला सुई देऊ-घेऊ नये म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना दुपारी नेऊन द्या, वाद कशाला.

आता मापांचं. इथे भलेभले अडखळतात. ब्रिटिश जुन्या सूचनांत विणायच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन सूचनांत उलट. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. क्रोशात ब्रिटिश 'डबल' म्हणजे अमेरिकन 'सिंगल'. म्हणून सूचना वाचायच्या आधी मासिक कुठलं ते बघायचं. शिवणाच्या पॅटर्नचा नंबरही जसाच्या तसा घेऊ नका: १९४०च्या दशकातला अमेरिकन १४ नंबर ३२ इंच छातीचा, आजच्या पॅटर्नमधला १४ हा ३६ चा. नंबर विसरा, इंच बघा. अंकात चौकटींच्या जाळीवर छोटी आकृती असेल आणि 'एक चौकट म्हणजे एक इंच' असं लिहिलं असेल, तर मोठ्या कागदावर इंचाच्या चौकटी आखून रेषा एकेक चौकट बघत उतरवा. नुसतं चित्र आणि खाली कूपन असेल तर नाद सोडा, तो पॅटर्न तेव्हा पैसे पाठवून टपालाने मागवायचा होता.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. झाडावर शिंपडायचा बर्फ म्हणून तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसचा भुगा विकत, गरम भांडी ठेवायच्या चकत्याही त्याच्याच. झाडावर सोडायच्या चंदेरी झिरमिळ्या १९७०च्या सुमारापर्यंत शिशाच्या असत. जुन्या डब्यात अशा झिरमिळ्या निघाल्या तर मुलांच्या हाती देऊ नका. खऱ्या मेणबत्त्या झाडावर, खाली कापसाचा बर्फ, हे चित्र कितीही गोड दिसलं तरी पानावरच राहू द्या.

जाहिरातच भेट म्हणून द्यायची असेल तर

पुष्कळांना जुनी जाहिरात फ्रेम करून द्यायला आवडतं. मूळ पान कापू नका. अमेरिकेत ९५ वर्षांहून जुनं छापील साहित्य हक्कमुक्त होतं, त्या काळातलं पान मोठ्या आकारात स्कॅन करून चांगल्या जाड कागदावर छापून घ्या. त्यानंतरचं पान घरच्यांना द्यायला एक प्रत काढणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं, हे लक्षात ठेवा. जुन्या 'जर्नल'चं पान मोठं, साधारण साडेदहा बाय साडेतेरा इंच, त्यामुळे घरच्या स्कॅनरवर ते मावत नाही. दोन भागांत स्कॅन करून जोडण्यापेक्षा खिडकीजवळ, ऊन अंगावर न घेता, वरून सरळ फोटो काढा. रंग पिवळट आले तर पूर्ण पांढरे करू नका. जरा पिवळेपणा राहिला तर छपाई कोरी-कोरी दिसत नाही. फ्रेमच्या मागे मासिकाचं नाव, महिना, वर्ष आणि पृष्ठक्रमांक पेन्सिलीने लिहा.

कोणाला कोणती, हे ठरवताना जरा तोंडाळपणा केलेला चालतो. माझ्या नणंदेला सिल्व्हरप्लेटच्या चमच्यांची दिली, कारण तिच्याकडचे चांगले चमचे पाहुण्यांनासुद्धा बाहेर निघत नाहीत. हूव्हरची मात्र कुठल्याही नवऱ्याने बायकोला देऊ नये.

मूळ अंक ठेवायचा तो आडवा, कोरड्या कपाटात, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात. लाकडाच्या लगद्याचा कागद उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको, ती पाच-सात वर्षांत तपकिरी डाग सोडते. पिना गंजलेल्या असतील तर हळूच सरळ करून काढा आणि पानं पांढऱ्या सुती दोऱ्याने मधोमध शिवून घ्या. पावसाळ्यानंतर एकदा सगळे अंक बाहेर काढून कसर लागलीय का ते बघा, विशेषतः पुठ्ठ्याच्या आत.